यश किती टक्के?

भिवंडीत यंत्रमागाच्या खटखटाटात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचा कान लयीला सरावलेला असतो. कारखान्यात पंचवीस-तीस माग एकाच वेळी धावत असताना एखाद्याची चाल बिघडली, तर अनुभवी जॉबर मान वर न करताच त्या मागापाशी जाऊन उभा राहतो. स्वतःच्या हृदयाविषयी मात्र ही जागरूकता क्वचितच दिसते. नाडी महिनोन्महिने बेताल चाललेली असते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या ईसीजीत किंवा विम्याच्या तपासणीत ती अवचित सापडते. काहींना पहिली सूचना मिळते ती पक्षाघाताच्या रूपाने.

या विकाराचे वैद्यकीय नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना जुन्या पाठ्यपुस्तकांत कर्णिका आणि नव्यांत अलिंद म्हटले आहे. निरोगी माणसाच्या हृदयात विद्युत्-संदेश एका ठिकाणी उगम पावतो आणि विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा सर्व कप्प्यांना आकुंचनाची आज्ञा देतो. या विकारात अलिंदांमध्ये मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे असे विस्कळीत संदेश उसळू लागतात. अलिंद आकुंचन न पावता नुसते थरथरते. त्याच्या कोपऱ्यातील लहानशा पिशवीत रक्त साचते आणि गोठते, आणि ती गुठळी मेंदूकडे निघाली तर लकवा येतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घकालीन अभ्यासात अशा रुग्णांमध्ये पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट आढळला होता.

औषधांनी ताल जुळत नसेल किंवा त्रास सोसवत नसेल, तर डॉक्टर ‘ॲब्लेशन’ सुचवतात. असा सल्ला मिळालेली भिवंडीतील कुटुंबे पुढील उपचारासाठी सहसा ठाण्याची किंवा मुंबईची वाट धरतात. खर्च काही लाखांत जातो. घरातील चार वडीलधारी माणसे तज्ज्ञांसमोर बसतात आणि पहिला प्रश्न विचारला जातो: यश किती टक्के?

प्रश्न स्वाभाविक आहे. व्याज, दलाली, वटाव या सगळ्यांचा हिशोब टक्क्यांत करणारा हा समाज आजारपणाचाही हिशोब टक्क्यांतच मागणार. पण व्याजाचा दर ऐकल्यावर मुद्दल किती आणि मुदत किती, हे विचारल्यावाचून जो व्यापारी गादीवरून हलत नाही, तोच डॉक्टरांनी सांगितलेला ‘सत्तर टक्के’ हा आकडा मुकाट्याने खिशात टाकून घरी येतो. सत्तर टक्के म्हणजे कशाचे, किती काळासाठी आणि कोणत्या रुग्णांमध्ये, हे विचारायचे राहूनच जाते.

मुळात हा उपचार काय आहे, हे थोडक्यात पाहणे इष्ट. १९८७ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून अलिंदात विशिष्ट छेद देण्याची आणि पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया केली. त्या व्रणांमुळे भरकटलेल्या विद्युत्-संदेशांच्या वाटा बंद होत. उपाय प्रभावी होता, पण फार मोठा होता. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सारी दिशा पालटली. या रुग्णांमध्ये तालभंगाची ठिणगी टाकणारी ६९ केंद्रे सापडली आणि त्यांपैकी ९४ टक्के केंद्रे फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होती. म्हणजे आग घरात दिसत असली, तरी ठिणग्या दाराबाहेरून येत होत्या. तेव्हापासून या शिरांच्या तोंडाभोवती डागून त्यांचा विद्युत्-संबंध तोडणे हा ॲब्लेशनचा गाभा झाला. जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, पडद्याला बारीक छिद्र करून डाव्या अलिंदात शिरतात आणि उष्णतेने, अतिशीत फुग्याने किंवा अलीकडे अत्यल्प काळाच्या विद्युत्-स्पंदांनी तेथील ऊती निकामी करतात.

गंभीर गुंतागुंत शंभरात साधारण दोन-तीन जणांत होते. हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात आणि फार क्वचित अन्ननलिकेला इजा, असे तिचे स्वरूप असते. मृत्यू हजारात एकाहूनही कमी. हे आकडे अनुभवी केंद्रांचे आहेत, म्हणून ‘येथे वर्षाला असे किती उपचार होतात’ हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. कापड घेताना गिरणीचे नाव विचारणे जितके साधे, तितकेच हे आहे.

आता यशाकडे वळावे. संशोधनात यशाची प्रचलित व्याख्या अशी, की उपचारानंतरचा सुरुवातीचा काळ सोडून पुढच्या वर्षभरात तीस सेकंदांहून अधिक काळ टिकणारा तालभंग एकदाही नोंदला जाऊ नये. सुरुवातीचा हा वगळलेला काळ पूर्वी तीन महिन्यांचा मानत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तो आठ आठवड्यांचा केला. या दिवसांत हृदयाच्या जखमा भरून येत असतात. त्यामुळे मधूनच धडधड झाली, तर ते अपयश धरले जात नाही. घरच्यांना हे आधी सांगितलेले नसले, की तिसऱ्या आठवड्यातच ‘पैसे पाण्यात गेले’ अशी हाकाटी सुरू होते.

तीस सेकंद ही अट किती कडक आहे, हे कॅनडातील एका चाचणीने फार स्पष्ट केले. ‘सर्का-डोस’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अधूनमधून तालभंग होणाऱ्या ३४६ रुग्णांवर ॲब्लेशन करण्यात आले आणि प्रत्येकाच्या त्वचेखाली हृदयाची अहोरात्र नोंद घेणारे छोटे यंत्र बसवले गेले. वर्षअखेर हिशोब मांडला तेव्हा तालभंग अजिबात नोंदला गेला नाही, असे रुग्ण निम्म्याहून जरा अधिक निघाले. ज्यांना जाणवेल असा त्रास पुन्हा झाला नाही, असे सुमारे तीन-चतुर्थांश. आणि तालभंगात जाणारा एकूण वेळ मोजला, तर तो उपचारापूर्वीच्या तुलनेत ९८ टक्क्यांहून अधिक घटलेला होता.

रुग्ण तेच, डॉक्टर तेच, वर्षही तेच. तरी एका मापाने यश पन्नास टक्के, दुसऱ्याने पंचाहत्तर आणि तिसऱ्याने अठ्ठ्याण्णव. यांत खोटे कोणतेच नाही. स्याद्वादाचा अभ्यास असलेल्या श्रावकाला हे नवल वाटू नये. वस्तूविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या तरी नयाने केलेले असते आणि तो नय सांगितल्याशिवाय विधान पुरे होत नाही, ही शिकवण येथे अगदी व्यवहारात उपयोगी पडते. एका रुग्णालयाने सत्तर टक्के सांगितले आणि दुसऱ्याने नव्वद, तर दुसरे अधिक कुशल असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दोघे एकच गोष्ट मोजत आहेत काय, हे पाहावे. वर्षातून दोनदा ईसीजी काढणाऱ्या ठिकाणी यश नेहमीच जास्त दिसेल, कारण जे शोधलेच नाही ते सापडणार कसे?

आयुष्य वाढेल काय, हा त्याच्या मागचा न बोललेला प्रश्न. २०१९ मध्ये ‘कॅबाना’ या २,२०४ रुग्णांच्या चाचणीत ॲब्लेशन आणि औषधे यांची तुलना झाली. मृत्यू, अपंग करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे या सर्वांचा एकत्रित विचार करता दोन्ही गटांत निर्णायक फरक आढळला नाही. जीवनाची गुणवत्ता मात्र ॲब्लेशनने अधिक सुधारली. याउलट ज्यांचे हृदय आधीच दुर्बळ झाले आहे, अशा ३६३ रुग्णांच्या २०१८ च्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत मृत्यू आणि हृदयविकार बळावून रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण ४४.६ टक्क्यांवरून २८.५ टक्क्यांवर आले. तेव्हा जिना चढताना धाप लागणाऱ्या, हृदयाची शक्ती घटलेल्या रुग्णासाठी यशाचा अर्थ एक, आणि ज्याला काहीच त्रास नाही अशा रुग्णासाठी दुसरा. ज्याला त्रासच नाही, त्याने घाईने टेबलावर चढण्यापूर्वी दोनदा विचार करावा, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

विशिष्ट रुग्णाला गुण येईल की नाही, हे आधी सांगता येते काय? काही अंशी येते. तालभंग आपोआप येऊन सात दिवसांच्या आत जात असेल, तर गुण येण्याची शक्यता अधिक. तो ठाण मांडून बसला असेल, तर कमी. डावे अलिंद जितके फुगलेले, तितका निकाल प्रतिकूल. जर्मनीतील लाइपझिगच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ‘ॲपल’ नावाचे एक सोपे गुणांकन मांडले. वय ६५ हून अधिक, तालभंग स्थायी स्वरूपाचा, मूत्रपिंडाची क्षमता ६० च्या खाली, डावे अलिंद ४३ मिलिमीटर किंवा अधिक आणि हृदयाची पंपशक्ती ५० टक्क्यांहून कमी, अशा पाच बाबींना प्रत्येकी एक गुण. गुण जितके जास्त, तितकी तालभंग परतण्याची भीती जास्त. हे पाचही आकडे सामान्य रुग्णाच्या फायलीत आधीच असतात. टूडी इको आणि क्रिएटिनिनचा अहवाल यांतून ते घरबसल्या जुळवता येतात.

मात्र या गुणांकनाची मर्यादा त्याच्या कर्त्यांनीच दाखवून दिली आहे. अशा भाकितांची अचूकता मोजण्याच्या मापात ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक भविष्य. या गुणांकनाचा आकडा ०.६३ च्या आसपास होता. हवामानखात्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एमआरआयने अलिंदातील व्रणांचे प्रमाण मोजण्याचा मार्ग अधिक आश्वासक वाटला होता. २०१४ च्या ‘डिकाफ’ अभ्यासात २६० रुग्ण होते. ज्यांच्या अलिंदभिंतीत दहा टक्क्यांहून कमी व्रण होते, त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत वर्षाच्या आत तालभंग परतला. तीस टक्क्यांहून अधिक व्रण असलेल्यांत तो ५१ टक्के रुग्णांत परतला. भाकीत चांगले ठरले, तेव्हा पुढची पायरी म्हणून ते व्रणच डागून काढावेत असे ठरले. २०२२ मध्ये ८४३ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला, तो निराशाजनक होता. अधिक डागण्याने यश वाढले नाही, उलट पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले. पुढे काय होईल हे सांगता आले, म्हणून ते पालटता येतेच असे नाही. आता संगणकीय बुद्धिमत्तेला ईसीजी आणि स्कॅन दाखवून भाकिते करवून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांचा गवगवा बराच आहे, पण रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरांचा निर्णय अजून या जुन्या पाच-सहा बाबींवरच ठरतो.

उशिराचे काय? निदान झाल्यापासून वर्षाच्या आत ॲब्लेशन झालेल्यांत तालभंग परतण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०२० मधील एका एकत्रित विश्लेषणाने दाखवले. त्यामुळे ‘आत्ताच करा’ असा आग्रह वाढला. परंतु २०२३ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी शंभर रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी केली. निम्म्यांवर महिन्याभरात उपचार केला आणि निम्म्यांना योग्य औषधांवर ठेवून वर्षभराने केला. दोन्ही गटांचा निकाल जवळपास सारखाच आला. वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणे घातक आहे, पण औषधे नीट चालू असताना काही महिने थांबण्याने डोंगर कोसळत नाही. कोणाचे वर्षीतप पारण्याच्या जवळ आले असेल, कोणाच्या घरी मंगलकार्य असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने तारीख पुढे नेता येते. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णांना मात्र ही मोकळीक गृहीत धरता येणार नाही.

वरील सर्व आकडे बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहेत, आणि येथे एक मोठा इशारा देणे भाग आहे. इंडियन हार्ट रिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशभरातील २४ केंद्रांतून या विकाराच्या १,५३७ रुग्णांची नोंद केली. त्यांचे सरासरी वय सुमारे ५५ वर्षे होते आणि जवळजवळ निम्म्यांना संधिवाती ज्वराने बिघडलेल्या झडपांचा आजार होता. युरोप-अमेरिकेत हा विकार वार्धक्याबरोबर येतो. येथे तो लहानपणी घसा दुखून आलेल्या तापाचे लांबलेले देणे म्हणूनही येतो. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तेथे तो ताप सहज पसरतो. भिवंडीत मागाच्या मालकाला आणि माग चालवणाऱ्या कामगाराला एकाच नावाचा विकार होऊ शकतो, पण त्यांचे भवितव्य एका तक्त्यात बसत नाही. अरुंद झालेल्या मायट्रल झडपेच्या रुग्णात आधी झडपेचा विचार, फुग्याने रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया, आणि मग तालाचा. परळच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत झडपांचे हे उपचार होतात. रक्त पातळ ठेवण्याचा मार्गही त्यांच्यासाठी निराळा. भारतासह अनेक देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत २०२२ मध्ये असे दिसले, की या रुग्णांत नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधेच अधिक जीव वाचवतात. आपल्या कामगाराला ‘शेठना जे औषध लागू पडले तेच घे’ असे प्रेमाने सांगणाऱ्या मालकाने हे जाणून असावे.

यशाच्या टक्केवारीतील काही भाग वयाने, अलिंदाच्या आकाराने आणि गेलेल्या वर्षांनी ठरलेला असतो. तो बदलत नाही. पण काही भाग स्वयंपाकघरात ठरतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे डॉ. राजीव पाठक, डॉ. प्रशांतन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन जास्त असलेल्या ३५५ रुग्णांचा पाठपुरावा केला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन घटवले, त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के रुग्ण ॲब्लेशन अथवा तालाची औषधे न घेताही तालभंगातून मुक्त राहिले. ज्यांचे वजन तीन टक्क्यांहूनही कमी घटले, त्यांच्यांत हे प्रमाण जेमतेम १३ टक्के होते. त्याच गटाच्या २०१४ च्या अभ्यासात ॲब्लेशननंतर वजन, रक्तदाब, मधुमेह आणि झोपेतील श्वासावरोध यांवर कसून काम करणाऱ्या रुग्णांचा निकाल इतरांहून कितीतरी सरस ठरला. ही मेहनत कोणी करायची हे रुग्णांनी स्वतः निवडले होते. निग्रही माणसे तशीही बरी होतात, असा आक्षेप त्यावर घेता येईल. तरीही दिशा निःसंशय आहे.

मद्यत्यागाने तालभंग कमी होतो, हे २०२० च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत सिद्ध झाले. जैन घरात ते पथ्य आधीच पाळले जाते. तो लाभ मात्र पापड, लोणचे, फरसाण आणि गादीवरची दिवसभराची बैठक यांनी खर्ची पडतो. मीठ रक्तदाब वाढवते आणि वाढलेला रक्तदाब अलिंद ताणतो. रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा पेढीवर पेंगणारा गृहस्थ घरात थट्टेचा विषय असतो. त्याचा श्वास झोपेत अडत असेल, तर ॲब्लेशन करूनही तालभंग परतण्याची शक्यता वाढते आणि त्याची तपासणी सोपी आहे.

शास्त्रांत सहा बाह्य तपे सांगितली आहेत. समाजात अनशनाची शोभायात्रा निघते, ऊणोदरीची निघत नाही. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे हे तप कोणाला दिसत नाही, त्याची पत्रिका छापली जात नाही. पण वर्षभर पाळलेली ऊणोदरी आणि रसत्याग हृदयाच्या तालासाठी जे करतात, ते अठ्ठाईनंतरच्या पारण्यात मिठाईवर तुटून पडणाऱ्याला लाभत नाही.

आचाराचा आणि उपचाराचा खरा पेच औषधाच्या वेळांत आहे, आणि डॉक्टरांच्या दालनात तो बहुधा निघतच नाही. ॲब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने रक्त पातळ ठेवणारे औषध एकही दिवस चुकवता येत नाही. ताल सुधारला तरी पुढे ते चालू ठेवायचे की नाही, हे मुख्यतः पक्षाघाताच्या धोक्यावर, म्हणजे वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा झटका यांवर ठरते. नाडी सुरळीत लागली म्हणून ते परस्पर बंद करणे ही सर्वांत महाग चूक. अपिक्साबान आणि डॅबिगाट्रान दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यायची असतात. डिसेंबरात भिवंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणाऱ्याची सायंकाळची गोळी सहाच्या आत आणि सकाळची पावणेआठनंतर. म्हणजे रात्रीचे अंतर चौदा तासांचे होते. दिवसातून एकदाच घ्यायचे रिव्हारोक्साबान यातून सुटका करील असे वाटते, परंतु त्याची नेहमीची १५ वा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते. रिकाम्या पोटी तिचा बराच भाग शोषलाच जात नाही. म्हणजे उपवासाच्या दिवशी गोळी घेतल्याचे समाधान मिळते, संरक्षण पुरते मिळत नाही.

वॉरफरिन आणि ॲसेनोकुमारॉल यांचा पेच निराळा. हिरव्या पालेभाज्यांतील के-जीवनसत्त्व या औषधांचा परिणाम कमी करते. चातुर्मासात, आणि अनेक घरांत त्याच्या आधीपासूनच, पालेभाज्या वर्ज्य होतात. अष्टमी-चतुर्दशीला सगळाच हिरवा भाजीपाला सुटतो. मात्रा तीच राहिली आणि भाजी थांबली, तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर मेथी-पालक परत ताटात आले, की उलटे घडते. उपाय व्रत मोडण्यात नाही. चातुर्मास बसताना आणि उठताना आयएनआरची तपासणी लवकर लवकर करून घेणे आणि मात्रा जुळवून घेणे एवढेच पुरे असते. मात्र कॅलेंडरात तिथी पाहणारे डॉक्टर विरळा, म्हणून ती त्यांना सांगावी लागते.

निर्जळ उपवासात शरीरातील पाणी आणि पोटॅशियम घटते, आणि ही दोन्ही तालभंगाला आमंत्रण देणारी आहेत. ॲब्लेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अठ्ठाई किंवा चौविहार उपवास करू नये, हे तज्ज्ञाने सांगण्याची वाट कुटुंबाने पाहू नये. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितले आहेत. समाधी टिकवण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. पूज्य गुरुभगवंतांना आजार आणि औषधाच्या वेळा स्पष्ट सांगून विचारले, तर मार्ग निघतो. अडचण होते ती कोणालाच काही न सांगता गोळी चुकवणाऱ्या आजींची. सुनेला वाटते त्यांनी घेतली, आणि आजी डबीत गोळी झाकून ठेवून माळ फिरवत बसलेल्या असतात.

तज्ज्ञांकडे जाताना फायलीत तालभंगाच्या वेळी काढलेला ईसीजी, टूडी इको, थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे अहवाल असावेत. तालभंग पहिल्यांदा कधी जाणवला, तो महिना लिहिलेला असावा. सोबत एका कागदावर घरातील जेवणाच्या आणि पच्चक्खाणाच्या वेळा, वर्षभरात करायचे संकल्पित तप आणि चालू असलेली सर्व औषधे, वैद्यांच्या पुड्यांसह. मग विचारावे: तालभंग अजिबात न होण्याची शक्यता किती, त्रास न होण्याची किती, दुसऱ्यांदा उपचार करावा लागण्याची किती, आणि या रुग्णात ती वाढवण्यासाठी पुढच्या सहा महिन्यांत घरी काय करता येईल. शेवटच्या प्रश्नाला जे डॉक्टर मन लावून उत्तर देतात, त्यांच्यापाशी थांबायला हरकत नाही.

आणि घरी परतल्यावर, सामायिकास बसण्यापूर्वी, उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवून घड्याळाच्या काट्याने पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ठोके किती पडले याबरोबर ते समान अंतराने पडले की नाही, हेही तारखेसह वहीत लिहावे. पुढच्या भेटीला ती वही सोबत न्यावी.